हिपॅटायटिस सी काहींच्या शरीरातून आपोआप का जातो : जनुकांविषयीचे संशोधन पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी

हिपॅटायटिस सीचा विषाणू शरीरात शिरलेल्या प्रत्येकाला कायमचा आजार होतोच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार साधारण ३० टक्के लोकांच्या शरीरातून तो सहा महिन्यांच्या आत कोणत्याही औषधाशिवाय नाहीसा होतो. वेगवेगळ्या गटांत हे प्रमाण १५ ते ४५ टक्क्यांपर्यंत बदलते. उरलेल्यांच्या यकृतात तो ठाण मांडतो आणि वीस-तीस वर्षांत काहींना सिरॉसिसपर्यंत, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होण्यापर्यंत, किंवा यकृताच्या कर्करोगापर्यंत नेतो. विषाणू तोच, मग हा फरक कशाने पडतो, या प्रश्नाचे एक उत्तर जनुकांत सापडले आहे, पण ते अर्धे उत्तर आहे. ज्यांच्या स्वतःच्या किंवा घरातल्या कुणाच्या अहवालात हिपॅटायटिस सीची अँटीबॉडी दिसली आहे, आणि ज्यांना वैद्यक, परिचर्या किंवा जीवशास्त्र शिकताना हा विषय पहिल्यांदाच समोर आला आहे, अशा दोघांनाही हे संशोधन क्रमाने कसे समजून घ्यावे, हे येथे मांडले आहे.

पहिली पायरी : 'आपोआप बरा झाला' म्हणजे नेमके काय, हे ठरवून घ्यावे

या विषयातले बहुतेक गैरसमज दोन तपासण्यांची गल्लत केल्याने होतात. पहिली तपासणी अँटीबॉडीची. अहवालात ती 'अँटी-एचसीव्ही रिअ‍ॅक्टिव्ह' किंवा 'नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह' अशी लिहिलेली असते. ही तपासणी विषाणू शोधत नाही, तर विषाणूशी शरीराची कधीतरी गाठ पडली होती की नाही, एवढेच सांगते. विषाणू निघून गेल्यावरही ही अँटीबॉडी अनेक वर्षे, बहुतेकांमध्ये जन्मभर, रक्तात राहते. दुसरी तपासणी आरएनएची, म्हणजे विषाणूच्या जनुकीय द्रव्याची, जिला आपल्याकडे सर्रास पीसीआर किंवा 'व्हायरल लोड' म्हणतात. विषाणू आज, या घडीला, रक्तात आहे की नाही, हे केवळ तीच सांगते.

अँटीबॉडी आहे आणि औषध न घेताही आरएनए सापडत नाही, अशा व्यक्तीला संशोधक 'नैसर्गिकरीत्या विषाणूमुक्त झालेली' असे म्हणतात. अर्थात अँटीबॉडीची तपासणी कधीकधी खोटी 'रिअ‍ॅक्टिव्ह'ही येते, त्यामुळे आरएनए न सापडलेला प्रत्येक माणूस कधीकाळी बाधित होता, असेही धरून चालत नाही. शिवाय संसर्गाच्या पहिल्या काही महिन्यांत विषाणूची पातळी वरखाली होत राहते. एकदा आरएनए सापडला नाही आणि काही आठवड्यांनी पुन्हा दिसला, असेही घडते. म्हणून एका अहवालावर निर्णय न करता साधारण तीन महिन्यांच्या अंतराने तपासणी पुन्हा करून मगच निष्कर्ष काढला जातो.

येथे अहवालातली एक ओळ नीट पाहायला हवी. 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' असे लिहिले असेल तर विषाणू सापडलेला नाही. पण 'डिटेक्टेड' असे लिहून पुढे मोजणीच्या मर्यादेपेक्षा कमी, म्हणजे उदाहरणार्थ १५ आययू प्रति मिलिलिटरपेक्षा कमी, असा शेरा असेल, तर विषाणू सापडलेला आहे, फक्त तो मोजता येण्याइतका नाही. या दोन शेऱ्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि दुसरा शेरा वाचून 'विषाणू सापडला नाही' असे समजणारे लोक थोडे नाहीत.

दुसरी पायरी : तुलना कोणाची कोणाशी झाली, ते पाहावे

जनुकांचा वाटा शोधायचा तर बाकी सर्व बाबी शक्य तितक्या सारख्या असलेले लोक हवेत. वास्तवात असे गट मिळत नाहीत. कुणाला संसर्ग सुईतून झालेला असतो, कुणाला रक्त चढवताना; विषाणूचे प्रकार वेगळे, मात्रा वेगळी, वय वेगळे, आणि संसर्ग नेमका केव्हा झाला हे बहुतेकांना ठाऊकच नसते, कारण सुरुवातीला सहसा कोणतेही लक्षण दिसत नाही.

म्हणूनच आयर्लंडमधल्या एका दुर्दैवी घटनेला या संशोधनात मोठे स्थान आहे. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर आईला अँटी-डीचे इंजेक्शन देतात. आपल्याकडेही ते सर्वांच्या परिचयाचे आहे. आयर्लंडमध्ये १९७७-७८ मध्ये तयार झालेल्या या औषधाच्या काही भागात हिपॅटायटिस सीचा विषाणू शिरला होता. हा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला, त्यामुळे तेव्हा त्याची कुणाला कल्पना असणेही शक्य नव्हते. १९९४ मध्ये हा प्रकार उघडकीस आला, तेव्हा साठ हजारांहून अधिक स्त्रियांची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी ७०४ जणींमध्ये संसर्गाच्या खुणा सापडल्या, आणि त्यांतल्या ३९० जणींच्या, म्हणजे ५५ टक्क्यांच्या, रक्तात विषाणू अजूनही होता. सर्वजणी तरुण माता, विषाणू एकाच उगमातून आलेला, त्याचा प्रकारही एकच, '१बी', आणि संसर्गाचा काळही माहीत. तरीही जवळपास निम्म्याजणी विषाणूमुक्त झाल्या आणि निम्म्याहून थोड्या अधिक झाल्या नाहीत. बाहेरची कारणे इतकी सारखी असताना फरक उरतो तो मुख्यतः त्यांच्या शरीरात, आणि म्हणूनच या स्त्रियांच्या जनुकीय तपासणीतून पुढे जे हाती लागले त्याला वजन आहे. त्यांच्या दुःखातून हे ज्ञान आले, याचा विसर हे आकडे वाचताना पडू नये.

एक अडचण मात्र जवळजवळ प्रत्येक अभ्यासात राहते. जी व्यक्ती विषाणूमुक्त झाली तिच्या रक्तात विषाणूच नसतो, त्यामुळे तो कोणत्या प्रकारचा होता हे नंतर कळणे कठीण असते. एखादा अभ्यास वाचताना संशोधकांनी ही अडचण कशी हाताळली आहे, ते आधी शोधावे.

तिसरी पायरी : एकोणिसाव्या गुणसूत्रावरचा तो एक बिंदू

हा या विषयाचा गाभा आहे, म्हणून येथे सावकाश जावे.

२००९ च्या सुमारास हिपॅटायटिस सीवर इंटरफेरॉन आणि रायबाविरिन अशी जोडी दिली जात असे. इंजेक्शने महिनोन् महिने चालत, त्रास पुष्कळ होई आणि गुण सर्वांना येत नसे. त्या वर्षी अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी रुग्णांच्या संपूर्ण जनुकसंचातील लाखो बिंदू तपासले, तेव्हा एकोणिसाव्या गुणसूत्रावर आयएल२८बी या जनुकाजवळचा एक बिंदू ठळकपणे पुढे आला. त्याचा नोंदणी क्रमांक आरएस१२९७९८६०. या जागी प्रत्येकाला आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे अक्षर मिळते, 'सी' किंवा 'टी'. त्यामुळे माणूस सीसी, सीटी किंवा टीटी असतो. सीसी असणाऱ्यांना औषधाचा गुण लक्षणीयरीत्या अधिक येत होता.

त्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे डेव्हिड थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला : औषध न घेता बरे होण्याशीही याचा संबंध आहे का? त्यांनी १,००८ लोक घेतले. ३८८ जण आपोआप विषाणूमुक्त झालेले, ६२० जणांमध्ये विषाणू टिकून राहिलेला. सीसी असणाऱ्यांमध्ये आपोआप बरे होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे तिप्पट आढळली, आणि ही गोष्ट युरोपीय आणि आफ्रिकी या दोन्ही वंशांच्या लोकांत दिसली. 'सी' हे अक्षर जगभर सारखे पसरलेले नाही. पूर्व आशियात ते सर्वाधिक आणि आफ्रिकेत सर्वांत कमी आढळते. आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांना इंटरफेरॉनचा गुण कमी येतो हे डॉक्टर पूर्वीपासून पाहत होते, आणि त्या तफावतीतला सुमारे निम्मा भाग या एका बिंदूने उलगडला. भारतात झालेल्या अभ्यासांत सीसी असणाऱ्यांचे प्रमाण सहसा निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक आढळले आहे.

पण हा बिंदू प्रत्यक्षात काही 'करतो' का, हे २००९ मध्ये कळले नव्हते. जनुकशास्त्र नव्याने वाचणाऱ्याने हा भेद मनाशी पक्का करावा : एखादा बिंदू एखाद्या परिणामाबरोबर दिसतो, याचा अर्थ तोच कारण आहे असा होत नाही, तो खऱ्या कारणाच्या शेजारी राहणारा केवळ खुणेचा दगडही असू शकतो. येथे तसेच निघाले. २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील ल्युडमिला प्रोकुनिना-ओल्सन यांच्या गटाला त्याच परिसरात तोवर कुणाच्या लक्षात न आलेले एक जनुक सापडले. त्याला आयएफएनएल४ असे नाव दिले गेले. त्यातल्या एका जागी काहींमध्ये 'टीटी' ही दोन अक्षरे असतात, तर काहींमध्ये त्यांतले एक गळून दुसऱ्याच्या जागी 'जी' आलेला असतो; या दुसऱ्या रूपाला 'डेल्टा-जी' म्हणतात. डेल्टा-जी असेल तर इंटरफेरॉन लॅम्डा-४ हे प्रथिन तयार होते. दोन्हीकडून टीटीच आले असेल तर जनुक वाचताच येत नाही आणि प्रथिन तयार होत नाही.

आश्चर्य पुढे आहे. इंटरफेरॉन हे विषाणूंशी लढणारे प्रथिन. तेव्हा ते तयार होणारे लोक लवकर बरे व्हावेत, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ज्यांच्यात हे जनुक निकामी आहे, तेच अधिक प्रमाणात विषाणूमुक्त होतात. याचे जे स्पष्टीकरण सध्या सर्वाधिक मानले जाते ते असे की, लॅम्डा-४ मुळे यकृताच्या पेशींतील विषाणूविरोधी जनुके सतत अर्धवट जागी राहतात, त्यामुळे पेशी इंटरफेरॉनच्या इशाऱ्यांना सरावतात आणि खरी गरज असते तेव्हा पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. या स्पष्टीकरणाला बळ देणारी आणखी एक गोष्ट आहे : लॅम्डा-४ चा एक दुबळा प्रकार काही लोकांत असतो, आणि हा दुबळा प्रकार असणारे लोक तीव्र प्रकार असणाऱ्यांपेक्षा अधिक प्रमाणात विषाणूमुक्त होतात. जितके प्रथिन कमजोर, तितकी सुटका सोपी, अशी ही पायरीपायरीने जाणारी साखळी मला या संपूर्ण विषयातली सर्वांत पटणारी गोष्ट वाटते.

चौथी पायरी : सहाव्या गुणसूत्रावरची एचएलए जनुके

अवयवदानाच्या वेळी दाता आणि रुग्ण यांचे 'एचएलए जुळते का' हे पाहतात, तीच ही जनुके. पेशीच्या आत कोणती प्रथिने आहेत त्यांचे बारीक तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर मांडून दाखवणे, हे एचएलए रेणूंचे काम. रोगप्रतिकारक टी-पेशी ते तुकडे पाहतात आणि त्यांत परके काही दिसले तर हल्ला करतात. प्रत्येकाचे एचएलए वेगळे असल्यामुळे एकाच विषाणूचे वेगवेगळे तुकडे वेगवेगळ्या लोकांत मांडले जातात. कुणाच्या वाट्याला विषाणूचा नाजूक भाग येतो, कुणाच्या वाट्याला तसा येत नाही.

आयर्लंडच्या स्त्रियांमध्ये एचएलए-बी*२७ असणाऱ्याजणी विषाणूमुक्त होण्याचे प्रमाण अधिक होते. बी*२७ हे नाव आपल्याकडे संधिवाताच्या दवाखान्यात अधिक ऐकू येते, कारण पाठीचा कणा आखडणाऱ्या अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसशी त्याचा जवळचा संबंध आहे. हाच बी*२७ हिपॅटायटिस सीच्या एका प्रथिनातला असा तुकडा मांडतो की, तेथे बदल करून निसटायचे तर विषाणूला एकाच वेळी अनेक बदल करावे लागतात आणि ते त्याला महागात पडतात. एचएलए-बी*५७ चाही असाच उपयोग दिसला आहे. एचआयव्हीला दीर्घकाळ थोपवून धरणाऱ्यांमध्येही हीच दोन नावे वारंवार येतात. मदतनीस टी-पेशींना तुकडे दाखवणाऱ्या, दुसऱ्या वर्गातल्या एचएलए जनुकांपैकी डीक्यूबी१*०३:०१ आणि डीआरबी१*११:०१ यांचा संबंध अनेक देशांतल्या अभ्यासांत आढळला आहे. मदतनीस टी-पेशी टिकून राहिल्या तर विषाणू जातो आणि त्या लवकर थकल्या तर तो राहतो, या निरीक्षणाशी हे सुसंगत आहे.

भारतीय वाचकाने येथे थांबून विचार करावा. बी*२७ चा हा फायदा विषाणूच्या प्रकार १ पुरता दिसतो, कारण इतर प्रकारांत त्या तुकड्याची रचनाच निराळी असते. भारतात, विशेषतः उत्तर, पूर्व आणि पश्चिम भागांत, प्रकार ३ सर्वाधिक आढळतो. म्हणजे आयर्लंडमध्ये मोलाचा ठरलेला हा गुण आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णांना तसा कामी येईल असे नाही. परदेशातला निष्कर्ष जशास तसा उचलू नये याचे याहून स्वच्छ उदाहरण या विषयात नाही.

या दोन जागांखेरीज नैसर्गिक मारक पेशींवरील केआयआर जनुकांचाही संबंध २००४ मध्ये दाखवला गेला. केआयआर२डीएल३ आणि त्याला जुळणारा एचएलए-सी१ गट ही दोन्ही ज्यांना आई आणि वडील अशा दोघांकडूनही मिळाली होती, ते अधिक प्रमाणात विषाणूमुक्त होत होते. मात्र ज्यांच्या शरीरात विषाणूची मात्रा थोडी गेली होती, म्हणजे सुईतून संसर्ग झाला होता, त्यांच्यातच हे दिसले, रक्त चढवल्याने बाधित झालेल्यांत नाही.

पाचवी पायरी : या सगळ्याची बेरीज किती होते

२०१३ मध्ये तेरा आंतरराष्ट्रीय केंद्रांतील ९१९ विषाणूमुक्त आणि १,४८२ दीर्घकाळ बाधित लोकांचा संपूर्ण जनुकसंच एकत्र अभ्यासण्यात आला. त्यात पुन्हा हीच दोन ठिकाणे वर आली : एकोणिसाव्या गुणसूत्रावरचा लॅम्डा इंटरफेरॉनचा परिसर आणि सहाव्या गुणसूत्रावर डीक्यूबी१*०३:०१ च्या जवळचा भाग. दोन्ही मिळून लोकालोकांतल्या फरकाचा अंदाजे १५ टक्के भाग उलगडतो, असे संशोधकांनी मांडले. जनुकांचा वाटा किती, असे कुणी विचारले तर हा आकडा सांगावा. 'तिप्पट शक्यता' हे शब्द मोठे वाटतात, आणि गटाच्या पातळीवर ते खरेही आहेत. तरीही सीसी असणाऱ्यांपैकी पुष्कळांमध्ये विषाणू टिकून राहतो आणि टीटी असणाऱ्यांपैकीही काहीजण बरे होतात.

उरलेला वाटा कुठे आहे? संसर्ग झाल्यापासून लोकांचा माग ठेवणाऱ्या अनेक देशांतल्या अभ्यासांत ६३२ जणांची माहिती एकत्र केली गेली, तेव्हा सीसी असणे, स्त्री असणे आणि विषाणू प्रकार १ चा असणे, या तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे फायद्याच्या दिसल्या. जे बरे झाले त्यांच्यातले दोन तृतीयांश सहा महिन्यांत आणि सुमारे ८३ टक्के वर्षभरात विषाणूमुक्त झाले होते. सुरुवातीलाच डोळे पिवळे होण्याइतकी कावीळ झालेले लोक अधिक प्रमाणात बरे होतात, कारण ती कावीळ शरीराच्या जोरदार प्रतिकाराची खूण असते. एचआयव्ही सोबत असेल तर शक्यता घटते.

सहावी पायरी : हाती जनुकीय अहवाल असेल तर

काही प्रयोगशाळा ही तपासणी अजूनही करतात, आणि परदेशातून लाळेचा नमुना पाठवून घेतलेल्या जनुकीय अहवालांतही हे बिंदू असू शकतात. असा अहवाल वाचताना अक्षरांकडे पाहण्याआधी बिंदूचा क्रमांक पाहावा, कारण 'टीटी' या एकाच नोंदीचे तीन ठिकाणी तीन अर्थ होतात. आरएस१२९७९८६० येथे टीटी प्रतिकूल आहे. आरएस८०९९९१७ या शेजारच्या बिंदूवर टीटी अनुकूल आहे आणि 'जी' प्रतिकूल. आयएफएनएल४ मधल्या आरएस३६८२३४८१५ येथे दोन्हीकडून टीटी म्हणजे जनुक निकामी, अर्थात पुन्हा अनुकूल. क्रमांक न पाहता इंटरनेटवर 'टीटी' शोधणारा माणूस विनाकारण घाबरतो किंवा विनाकारण निर्धास्त होतो. आयएल२८बी आणि आयएफएनएल३ ही एकाच जनुकाची जुनी आणि नवी नावे आहेत, हेही लक्षात असू द्यावे.

मात्र ही तपासणी मुद्दाम करून घ्यावी का, याचे माझे उत्तर 'नाही' असे आहे. इंटरफेरॉनच्या काळात तिचा उपयोग होता. औषध द्यावे की थांबावे, हे ठरवताना डॉक्टर ती पाहत. आता सोफोसबुविर आणि डाक्लाटास्विरसारख्या गोळ्यांनी सहसा १२ आठवड्यांत ९५ टक्क्यांच्या आसपास रुग्ण बरे होतात, आणि जनुके अनुकूल असोत की प्रतिकूल, त्यांचा या गोळ्यांच्या परिणामावर फारसा प्रभाव पडत नाही. बाधित माणसाच्या मुलांची 'त्यांना धोका किती' म्हणून जनुकीय तपासणी करण्यातही अर्थ नाही, कारण ही जनुके संसर्ग होईल की नाही हे सांगत नाहीत. आई बाधित असेल तर बाळाची विषाणूसाठी तपासणी करावी. आईच्या अँटीबॉडी बाळाच्या रक्तात १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात, म्हणून त्याआधी पाहायचे झाल्यास आरएनएच पाहावा लागतो.

सातवी पायरी : प्रत्यक्ष करायचे काय

अँटीबॉडी 'रिअ‍ॅक्टिव्ह' आली असेल तर पहिले काम आरएनए तपासणी. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासण्या आणि औषधे सरकारी उपचार केंद्रांत मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्याची चौकशी करावी. आपल्याकडे रक्तपेढ्यांत या विषाणूची तपासणी २००१ पासून सक्तीची झाली, त्यामुळे त्याआधी ज्यांना रक्त चढवले गेले त्यांनी कोणतेही लक्षण नसले तरी एकदा अँटीबॉडी तपासून घ्यावी.

आरएनए सापडला तर 'आपोआप जाईल' म्हणून वाट पाहू नये. पूर्वी नव्या संसर्गात सहा महिने थांबण्याची पद्धत होती. आता अनेक मार्गदर्शक तत्त्वे नव्या संसर्गातही लगेच उपचार सुचवतात, कारण थांबण्याच्या काळात माणूस पाठपुराव्यातून निसटू शकतो आणि संसर्ग इतरांपर्यंत जाऊ शकतो. संसर्ग होऊन वर्ष उलटून गेले असेल, तर जनुके कितीही अनुकूल असली तरी औषधाविना बरे होण्याची शक्यता फारच थोडी उरते.

आरएनए सापडला नाही, आणि पुन्हा तपासल्यावरही सापडला नाही, तर उपचाराची गरज नाही. परंतु एकदा विषाणूमुक्त झालेल्या माणसाला पुन्हा संसर्ग होऊ शकतो. सीसी असणाऱ्यालाही होतो, आणि या आजारावर अजून लस नाही. अशा व्यक्तीची अँटीबॉडी सहसा कायम 'रिअ‍ॅक्टिव्ह'च येणार असल्याने ती तपासणी पुन्हा करण्यात पैसे घालवू नयेत. आरएनए न सापडल्याचे दोन्ही अहवाल तारखेसह जपून ठेवावेत, शस्त्रक्रियेआधी किंवा बाळंतपणाआधी ते डॉक्टरांना दाखवावेत, आणि पुन्हा धोका उद्भवला, उदाहरणार्थ वापरलेली सुई टोचली किंवा निर्जंतुक न केलेल्या सुईने गोंदवून घेतले, तर थेट आरएनएचीच तपासणी मागून घ्यावी.